व्हीनस फ्लायट्रॅप: एकेक तोंड काळं पडतंय, काय करू? (सांगली)

भडंगवाली, १४ मे

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे मी नुसते वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

मुलगा पाचवीत आहे, त्याला शाळेच्या पुस्तकातल्या कीटकभक्षी वनस्पतींचं वेड लागलं. वाढदिवसाला सायकल नको, मोबाईल नको, माश्या खाणारं झाड पाहिजे! शेवटी ऑनलाईन साडेचारशेला व्हीनस फ्लायट्रॅप मागवलं. आलं तेव्हा सात तोंडं होती, त्यातली दोन तर आतून छान लालसर. एवढुशा प्लास्टिकच्या कपात होतं बिचारं, म्हणून लगेच चांगल्या मातीच्या कुंडीत हलवलं, लाल माती, गांडूळखत, थोडी राख, जे बाकीच्या झाडांना घालते तेच. ऊन सोसणार नाही म्हणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंय. सकाळ संध्याकाळ नळाचं पाणी. खायला मुलाने एकदा मेलेली मुंगी आणि एकदा पनीरचा कण घातला (मी ऑफिसला होते). शिवाय घरी येणाऱ्या प्रत्येकाला पेन्सिलीचं टोक घालून तोंड मिटवून दाखवायचा कार्यक्रम चालू असतो.

दोन आठवड्यात सातातली चार तोंडं काळी पडली. उरलेली मिटतात पण अगदी आळसावून. मुलगा रोज सकाळी उठून आधी ते बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. काय चुकतंय?

कंदी_पेढा, १४ मे

पनीर 😂 ताई श्रावण पाळणारं झाड आणलंय का? पुढच्या वाढदिवसाला भडंग घालून बघा.

जोक अपार्ट, मला खरंच माहीत नाही, पण धागा फॉलो करतोय. विश्रामबागेत मावशी राहते, तिथले डास बघता असली पन्नास झाडं लागतील.

जांभ्याचा_दगड, १४ मे

ताई, रागावू नका, पण तुम्ही त्याचे लाड करून त्याला मारताय. यात तुमची चूक नाही, आपल्याला झाड म्हटलं की माती, खत, पाणी हेच शिकवलेलं असतं.

हे झाड माशी का खातं ते आधी बघू. पोट भरायला नाही खात, पोट बाकीच्या झाडांसारखं उन्हावरच भरतं. मूळचं ते अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साऊथ कॅरोलायना या दोन राज्यांच्या किनारपट्टीतलं. तिथली जमीन रेताड, दलदलीची, आंबट, आणि नायट्रोजन फॉस्फरस जवळपास नाहीच. मुळांना जे मिळत नाही ते पानं किड्यांमधून काढतात. त्यामुळे मुळं अगदी गरिबीत वाढलेली, त्यांना श्रीमंती बाधते. गांडूळखत म्हणजे त्या मुळांना विषच समजा. राख तर त्याहून वाईट, कारण ती आंबट मातीच्या बरोब्बर उलट.

आता एकेक घेतो.

माती: लाल नाही, काळी नाही, कुठलीच माती नाही. पीट मॉस (दलदलीत कुजलेलं शेवाळ) आणि परलाईट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे) अर्धं अर्धं. पीट मॉसच्या पुड्यावर बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच पुड्यांत खत मिसळलेलं असतं, तसलं नको. मातीची कुंडी पण नको, तिच्यात क्षार साठतात. साधी प्लास्टिकची, थोडी खोल.

पाणी: नळाचं बंद. आजपासून. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५० च्या खाली.

ऊन: टीव्हीशेजारी ते उपाशी मरतंय. रोज चार ते सहा तास थेट ऊन पाहिजे. आत्ता मे आहे, एकदम बाहेर काढलं तर करपेल, म्हणून पंधरा दिवस नुसतं सकाळचं कोवळं ऊन.

पेन्सिल: पेन्सिल जप्त करा. पानाच्या दोन्ही पाळ्यांवर आत तीन तीन बारीक केस असतात. एकदा धक्का लागला तर काही होत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तरच मिटतं, म्हणजे वाऱ्याने उडून आलेली काडी आणि जिवंत किडा यातला फरक ते मोजून ओळखतं. मिटल्यावर आत किडा धडपडत राहिला, केसांना धक्के बसत राहिले, तर पाचक रस सुटतो, आठ दहा दिवस पचन चालतं आणि मग उघडतं. पेन्सिलवर मिटलं की आत काही हलत नाही, मग दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने उघडतं. एका पानाला आयुष्यात असं मिटणं मोजकंच जमतं, प्रत्येक पाहुण्यामागे एक गेलं.

एक दिलासा देतो: दोन तीनदा खाऊन झालं की जुनं तोंड काळं पडतंच, ते नॉर्मल आहे. मधून नवीन पान येतंय का ते बघायचं. येतंय का?

भडंगवाली, १४ मे

देवा. म्हणजे मी एकूणएक गोष्ट उलटी केली 🙈

मधे एक हिरवं टोक दिसतंय, पण गेल्या आठवड्यापासून तेवढंच आहे. आणि टीडीएस म्हणजे नक्की किती ते कसं कळणार? आमचं पाणी दिसायला स्वच्छ आहे हो, कृष्णेचं.

द्राक्षबाग, १५ मे

ताई दिसण्यावर जाऊ नका. मी तासगावकडचा, द्राक्षं आहेत. आमच्याकडं पाणी डोळ्यानं कुणी बघत न्हाई, मीटर लावून बघतात. बोअरचं पाणी काचेसारखं दिसतंय आणि ईसी, म्हणजे क्षाराचं माप, काढला की बाग जळायचं पाणी निघतंय. पानाच्या कडा करपत येतात तीच खूण, वाचता येत असंल तर पान सगळं सांगतंय. कृष्णाकाठची कितीतरी चांगली रानं ऊसाला पाणी पाजून पाजून क्षारपड होऊन गेली, वर पांढरं मीठ फुटलंय. ते चार पिढ्यांच्या रानाचं झालं, तुमच्या कपभर कुंडीचं किती दिवसात होईल बघा. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतो, रोज थोडा थोडा.

टीडीएसचं मीटर पेनासारखं असतंय, दोन अडीचशेला मिळतं, शेतीच्या दुकानात विचारा. आमच्या बोअरचं ११०० दाखवतंय.

आणि एक, कोकोपीट घालू नका न धुता. नर्सरीवाले तेच देतील पीट म्हणून. नारळाच्या काथ्याचं असतंय ते, मीठ असतंय त्यात. रोपवाटिकेत आम्ही धुवून धुवून वापरतो.

रात्रपाळी, १५ मे

विट्यात लॅबमध्ये आहे. डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिमिनरलाईज्ड पाणी, तेही चालतं, मी दोन वर्षं ड्रोसेराला (दवबिंदू, तेही किडे खाणारं झाड) तेच घालतेय. कॅन सीलबंद घ्या, गॅरेजवाल्याकडचा उघडा नको, त्यात कधी काय पडलेलं असतं सांगता येत नाही.

घरी आरओ असेल तर एक बघा. बऱ्याच मशीनमध्ये चव यावी म्हणून गाळलेल्या पाण्यात थोडं साधं पाणी परत मिसळतात, त्याचा एक छोटा स्क्रू असतो. आमच्याकडे टेक्निशियनने तो असा फिरवून ठेवला होता की आरओचं पाणी १४० येत होतं. नुसता यूव्हीवाला फिल्टर असेल तर जंतू मरतात, क्षार तेवढेच राहतात. आणि उकळून क्षार जातात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतात.

एसीचं पाणी काहीजण वापरतात. मी नाही वापरत, आतल्या जाळीवर काय काय बसलेलं असतं ते सर्व्हिसिंगच्या दिवशी एकदा बघितलंय.

भडंगवाली, २१ मे

अपडेट. मीटर आणलं. नळ २६०, आरओ ३८. कुंडीच्या खालच्या भोकातून निथळलेलं पाणी मोजलं तर ९४०!! मी दोनदा मोजलं, खोटं वाटलं. ती राख आणि गांडूळखत.

पीट आणि परलाईट मागवलं. आल्यावर कळलं की कोरडं पीट पाणी घेतच नाही, वर नुसतं तरंगतं, बेसन पाण्यात टाकल्यासारख्या गाठी. शेवटी आरओचं कोमट पाणी घालून परातीत कणीक मळल्यासारखं मळलं. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, एवढी मेहनत पोळ्यांवर घेतली असतीस तर.

मग झाड काढलं. भांडंभर आरओच्या पाण्यात बसवून मातीचा एकेक कण सोडवला, अर्धा तास गेला. मुळं म्हणजे काळ्या चार पाच दोऱ्या. मी म्हटलं संपलं. पण त्याच्या वर जिथून पानं निघतात तिथे लसणीच्या पाकळीसारखं पांढरं काहीतरी आहे, घट्ट. चांगलं का वाईट?

जांभ्याचा_दगड, २१ मे

चांगलं! मुळं काळीच असतात त्यांची. ती पांढरी पाकळी म्हणजे कंद, जीव तिथे. घट्ट आहे तोवर झाड आहे. मऊ आणि तपकिरी झाला असता तर श्रद्धांजली वाहिली असती. लावताना तो पांढरा भाग पीटमध्ये जाऊ दे, हिरवं वर. खाली ताटली ठेवून तिच्यात सेंटीमीटर दोन सेंटीमीटर पाणी, वरून रोज शिंपडायचं नाही. आणि महिनाभर खायला काही नाही. पनीर पण नाही.

नवा_गडी, २ जून

मधेच घुसतो, सॉरी. ऑनलाईन व्हीनस फ्लायट्रॅपच्या बिया मिळतायत, शंभर रुपयात पन्नास, फोटोत निळी, जांभळी, काळी अशी सगळी तोंडं आहेत. झाडापेक्षा स्वस्त पडतंय. घेऊ का?

कंदी_पेढा, २ जून

मित्रा मी घेतल्या होत्या. निळ्या. महिनाभर ओली रुमालाची घडी उघडून बघायचो बाळाला बघितल्यासारखं. उगवलं ते काटेमाठ. आईने भाजी केली.

रात्रपाळी, २ जून

निळं व्हीनस नसतं. हिरवं किंवा लाल, बास. खऱ्या बिया बारीक, काळ्या, चकचकीत असतात, मोहरीपेक्षाही लहान, आणि बीपासून पूर्ण मोठं व्हायला तीन चार वर्षं लागतात. तोवर तुझं लग्न होऊन जाईल.

नवा_गडी, २ जून

मग अजून एक आयडिया. आम्ही साताऱ्याचेच, दरवर्षी सप्टेंबरला कास पठारावर जातो. तिथे दवबिंदूची झाडं, ती चिकट थेंबांनी किडे धरणारी, पायाखाली असतात म्हणे. एखादं मातीसकट उचलून आणलं तर? फुकटात काम.

जांभ्याचा_दगड, २ जून

नाही.

आता सविस्तर. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर. तिथून फूल तोडायलाही बंदी आहे, झाड उपटणं तर लांबच. पण कायदा बाजूला ठेव, ते झाड तुझ्याकडे जगणारच नाही हे समजून घे. कासचा सडा म्हणजे काय, खाली सलग जांभा, वर वीतभरही नाही अशी माती, कुठे कुठे तर दोन बोटं. चार महिने धो धो पाऊस, जे काय पोषण असेल ते धुवून दरीत. आणि पाऊस थांबला की महिन्याभरात तोच दगड तव्यासारखा. तिथला दवबिंदू एका पावसाळ्याचा पाहुणा आहे. उगवतो, किडे खातो, फुलतो, बी टाकतो, मरतो. तू सप्टेंबरमध्ये उचलून आणलास तरी दिवाळीपर्यंत तो तसाही मरणार होता, फरक एवढाच की बी सड्यावर पडायच्या ऐवजी तुझ्या गॅलरीच्या फरशीवर पडणार. म्हणजे पुढच्या वर्षीचे पाच पन्नास तू आत्ताच मारलेस.

मी दर सीझनला तिथे चार शनिवार जातो, लोकांना पायवाटेवरून खाली उतरू नका सांगायला. सेल्फीसाठी गालिच्यावर बसलेल्या माणसाच्या बुडाखाली काय काय असतं ते त्याला दाखवलं की तो ताडकन उठतो, एवढंच माझं पुण्य.

आजीचा_बटवा, ३ जून

दगडा, मुलगा विचारतोय ना, चांगलं विचारतोय, ओरडू नकोस.

नव्या गड्या, तुला दवबिंदूच हवा तर ड्रोसेरा कॅपेन्सिस घे बाळा. दक्षिण आफ्रिकेचा आहे, नर्सरीत वाढवलेला मिळतो. लांब पट्टीसारखी पानं, त्यावर लाल केसांना चिकाचे थेंब. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने व्हीनस घेऊच नये, हाच घ्यावा. थंडीत झोपवायची भानगड नाही, पेन्सिल घालायला तोंड नाही. उन्हाळ्यात वरून वाळून गेला तरी टाकू नकोस, मुळातून परत फुटतो. माझ्याकडे एकाचे अकरा झालेत, बी आपोआप पडून, शेजारच्या सगळ्या कुंड्यांत घुसलाय मेला.

मी साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूला राहते, वय त्र्याहत्तर, गुडघे गेलेत पण गॅलरी शाबूत आहे. घटपर्णी पण आहे, टांगून ठेवलीय, व्हेंट्राटा म्हणतात त्या संकराला. तिचं तंत्र वेगळं बरं का. व्हीनससारखी पाण्यात उभी करायची नाही, मुळं कुजतात. मॉस, परलाईट, कोळशाचे बारीक तुकडे, पाणी घालायचं आणि निथळू द्यायचं. घट म्हणजे फूल नव्हे, पानाच्या टोकाला दोरी येते आणि दोरीच्या टोकाला तो घट फुगतो. मार्च ते मे माझ्याकडे एकही घट धरत नाही, हवा कोरडी. दोरी येते आणि टोकाला वाळून जाते. आणि जुलैत बघ, एका वेळी आठ आठ. एकदा कामवाल्या मावशींनी घाण पाणी साठलंय म्हणून सगळे घट उपडे करून पुसून ठेवले होते. ते पाणी झाडाचं स्वतःचं असतं, पाचक, ओतायचं नाही.

आपल्या देशाची स्वतःची घटपर्णी एकच, मेघालयातली, नेपेंथिस खासियाना. ती दुर्मिळ आहे, तिच्या व्यापारावर बंधनं आहेत, कुणी स्वस्तात जंगलातून आणून देतो म्हणाला तर घेऊ नका.

नवा_गडी, ३ जून

ठीक आहे आजी, कॅपेन्सिस. दगड दादा सॉरी.

जांभ्याचा_दगड, ३ जून

अरे सॉरी काय त्यात. सप्टेंबरला ये, भिंग घेऊन ये, दाखवतो.

भडंगवाली, ११ जुलै

सात नवीन तोंडं!!! आधीची सगळी काळी पडून गेली, पण ही नवीन लहान आणि कडक आहेत. पाऊस लागल्यापासून पत्र्याखाली बादली लावलीय, पहिल्या दिवशीचं पाणी टाकून दिलं, आता मीटरवर ९ येतंय. मुलाने वहीत रोजचा आकडा लिहायला सुरुवात केलीय, गणिताची वही तेवढी रिकामी.

पण नवीन लफडं. डासांची तपासणी करायला ताई आल्या होत्या घरोघर. ताटलीत बॅटरी मारून म्हणाल्या, मॅडम, अळ्या आहेत. डास खाणाऱ्या झाडाच्या ताटलीत डासांची पैदास! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या औषध टाकायला निघाल्या, मी हातापाया पडून ताटली तिथेच मोरीत ओतली.

कंदी_पेढा, ११ जुलै

म्हणजे झाडाने मेसच चालू केली की घरात.

रात्रपाळी, ११ जुलै

हसू नका, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा दहा दिवस पुरतात. कोरडा दिवस पाळतात ना, तोच इथे पाळायचा. आठवड्यातून एकदा ताटली पूर्ण रिकामी, नुसतं पाणी ओतून नाही, कडा ब्रशने घासायच्या कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने टिकतात. मग ताजं पाणी. बादलीवर फडकं बांधा.

आणि फ्लायट्रॅपने डास कमी होतील हे डोक्यातून काढा. महिन्याला दोन चार किडे खाल्ले तरी त्याचं भागतं, आणि त्यात डास क्वचितच, मुंग्या आणि कोळीच जास्त. डासांना मच्छरदाणीच.

भडंगवाली, १२ जुलै

घासली. खरंच कडेला काळे ठिपके होते, ई.

खायला आता स्वतःच पकडतंय. परवा मुलाने पहिल्यांदा जिवंत बघितलं: एक मुंगळा पाळीच्या कडेवरचा गोड रस चाटत चाटत आत गेला, एका केसाला लागला, काही नाही, थांबला, मिशा हलवल्या, आम्ही श्वास रोखून, मग दोन पावलं पुढे आणि खट्. खट् असा आवाज आला नाही म्हणा, पण मला आला. मुंगळ्याचा मागचा पाय मात्र बाहेर राहिला. चालतं का?

जांभ्याचा_दगड, १२ जुलै

ते तोंड बहुतेक जाईल. फट राहिली की नीट सील होत नाही, आत बुरशी धरते. तोंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किडा बरोबर बसतो. मुंगळा मोठा होता. झाडाला पण हाव असते.

भडंगवाली, २४ सप्टेंबर

कासला जाऊन आलो! दगड दादांनी सांगितल्याप्रमाणे बुकिंग करून, शनिवार रविवार टाळून. वाटेत धुकं एवढं की यवतेश्वरानंतर रस्ताच दिसेना. भिंग नेलं होतं. लोक वर लांब बघत होते, गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी, आणि आम्ही दोघं पायवाटेच्या कडेला पालथे. दवबिंदू रुपयाच्या नाण्याएवढा. लाल गोल, प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब, आणि त्यातल्या एका पानावर चिलटासारखं काहीतरी चिकटलेलं, अजून पाय हलत होते. मुलगा कुजबुजला, आई सोडवू का त्याला. मी काय सांगणार, म्हटलं दोघांपैकी कुणाला उपाशी ठेवायचं तू ठरव. खूप वेळ बघत बसला आणि मग सोडवलं नाही.

आणि सीतेची आसवं! ती निळी जांभळी फुलं मी लहानपणापासून बघतेय, ती पण मांसाहारी आहेत हे आत्ता कळलं.

जांभ्याचा_दगड, २५ सप्टेंबर

हो ना, कुणालाच पटत नाही. फूल एवढं नाजूक आणि सगळा कारभार जमिनीखाली. ओल्या मातीत बारीक फुगे असतात, टाचणीच्या डोक्याहून लहान. फुगा आतलं पाणी उपसून आक्रसून बसतो, दाराशी सूक्ष्म जीव आला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. व्हीनस त्याच्यापुढे कासव. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, दवबिंदूच्या पानांवर दूध, अंड्याचा पांढरा भाग, मांस असं काय काय ठेवून बघितलं. तेव्हा पनीरवाल्या चिरंजीवांची परंपरा मोठी आहे, रागावू नका.

भडंगवाली, २८ नोव्हेंबर

परत काळं पडायला लागलंय 😭 सगळं नीट करतेय, आरओचं पाणी, ऊन, कोरडा दिवस. नवीन पानं एकदम बुटकी आणि जमिनीला चिकटून.

जांभ्याचा_दगड, २८ नोव्हेंबर

झोपायला निघालंय. त्याला हिवाळ्यात तीन महिने झोप लागते, दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की ते आवरतं घेतं. दहा अंशांच्या खाली थंडी आवडते त्याला. साताऱ्यात गॅलरीत कशीबशी होते झोप, सांगलीत दुपारी तीस बत्तीस झालं की डोळा उघडतो. सलग दोन तीन वर्षं झोप नाही मिळाली तर झाड खंगत खंगत जातं.

आजीचा_बटवा, २८ नोव्हेंबर

माझ्या भाच्याने त्याचं महाबळेश्वरला पाठवलं होतं, नात्यात हॉटेल आहे तिथे. थंडी पडली की पेपरात येतंच ना, वेण्णा तलावावर दवबिंदू गोठले. मी घाबरून फोन केला, कुठला दवबिंदू गोठला रे?

रात्रपाळी, २९ नोव्हेंबर

नातेवाईक महाबळेश्वरला नसतील तर फ्रिज. काळी पानं कापा, झाड कुंडीतून काढून मुळांभोवती ओलसर मॉस गुंडाळा, ओलसर म्हणजे पिळून काढलेलं, झिपच्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही! पंधरा दिवसांनी उघडून बुरशी बघायची. फेब्रुवारीच्या मध्यावर बाहेर.

भडंगवाली, ९ जानेवारी

लिहायला हात उठत नाहीये. पिशवीवर मी स्केचपेनने लिहिलं होतं, हात लावू नये. ते पुसलं गेलं. काल भोगीच्या भाजीची तयारी म्हणून सासूबाईंनी फ्रिज आवरायला घेतला आणि ती माती लागलेली कसलीतरी जुडी दिसली. नळाखाली खळखळून धुतली. निवडली. म्हणजे मॉस टाकून दिलं, मुळं शेंडे खुडले, आणि पांढरी पाकळी बघून लसूण म्हणून लसणीच्या टोपलीत ठेवली.

मी घरी आले तर मुलगा टोपलीसमोर बसून सगळे लसूण एकेक करून तपासत होता. सापडली. दोन पाकळ्या आहेत आता, एक तुटून वेगळी झाली. सासूबाई जेवल्या नाहीत रात्री.

द्राक्षबाग, ९ जानेवारी

ताई, द्राक्षाची आम्ही वर्षात दोनदा छाटणी करतो, नुसते खुंट ठेवतो, बघणाऱ्याला वाटतं बाग मेली. पाकळी घट्ट हाय ना? मग लावा. आणि आईंना जेवायला सांगा.

जांभ्याचा_दगड, ९ जानेवारी

एकदा नळाखाली धुतल्याने काही होत नाही, रोजचं वाईट. आरओने धुवा, दोन्ही पाकळ्या वेगवेगळ्या लावा, हिरवा बुडखा वर. कुंडी घरातल्या सगळ्यात गार खिडकीत. तुटलेली पाकळी म्हणजे नवीन झाड असू शकतं, असंच वाढवतात ते.

आजीचा_बटवा, १० जानेवारी

माझ्यातर्फे तुझ्या सासूबाईंना सांग, मी एकदा निशिगंधाचे कंद कांदे समजून पिठल्यासाठी चिरायला घेतले होते.

भडंगवाली, ६ मार्च

दोन्ही फुटली! मोठीला पाच तोंडं, छोटीला दोन, भाताच्या शिताएवढी. सासूबाई आता रोज सकाळी देवपूजेच्या आधी ताटलीतलं पाणी बघतात, मीटर घालून. काल शेजारणीला सांगत होत्या, अडतीसच्या वर चालत नाही आमच्याकडे.

एक शंका. मोठीच्या मधून एक सरळ दांडी वर येतेय, टोकाला गाठ, तोंड नाही वाटत. काय असेल?

जांभ्याचा_दगड, ६ मार्च

फुलाची दांडी. कापा, दोन इंच झाली की लगेच. आजारातून उठलेल्या झाडाची सगळी ताकद त्या फुलात जाते.

भडंगवाली, ६ मार्च

मुलगा म्हणतोय एकदा फुलू दे.

जांभ्याचा_दगड, ६ मार्च

छोटीची फुलू दे म्हणावं, पुढच्या दोन तीन वर्षांनी. मोठीची काप.

भडंगवाली, ७ मार्च

कापली. त्यानेच कापली, आणि ती दांडी पण पीटमध्ये खोचून ठेवलीय. रात्रपाळी, म्हणतात त्याला कोंब फुटतो, खरंय का?

रात्रपाळी, ७ मार्च

कधी कधी. ओलं राहू दे, झाकण घाल, आणि फ्रिजपासून लांब ठेव.